टाकीला पावसाळी बंदी

"मॅडम, गिऱ्हाईक विचारतंय, माशाला कांजिण्या झाल्यात का. काय सांगू?"

फोनवर नितीन होता. मागून तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला काही सांगू नकोस, मला फोटो पाठव.

नितीनचं द्रोणागिरीला मच्छीचं हॉटेल आहे. पोर्टवाले, गोदामवाले, ट्रान्सपोर्टवाले सगळे तिथे जेवतात. दारातून आत शिरलं की समोरच भिंतभर समुद्री टँक. त्यातला सगळ्यात मोठा मासा म्हणजे राजा. हा एंजल जातीचा. निळं अंग, त्यावर पिवळे पट्टे, आणि चालणं असं की हॉटेल त्याच्याच नावावर आहे. हॉटेलच्या बोर्डावर सुरमई-पापलेट नाही, राजाचा फोटो आहे. पोरं त्याला बघायला येतात आणि आईबाप मग जेवूनच जातात.

फोटो आला. राजाच्या अंगावर, परांवर, शेपटीवर पांढरे ठिपके. मी हे काम बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे फोटोची गरजही नव्हती. तरी हॉटेलात पोचेपर्यंत कुणी एक विनोदी गिऱ्हाईक बोलून गेलंच होतं, "यांनी तर जिवंतपणीच रवा लावलाय." ते ऐकून शेजारच्या टेबलाने पापलेटची ऑर्डर बदलून अंडाकरी मागवली. नितीनचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी खाऱ्या पाण्याच्या टँकांचा मेन्टेनन्स करते. करंजाड्यात माझा गाळा आहे. दवाखाने, ऑफिसं, काही घरांचे हॉल आणि हे एक हॉटेल, असे माझे क्लायंट. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे माशांना खायला घालणं. खरं काम दोनच. पाणी सांभाळायचं आणि मालकाला सांभाळायचं. पाणी सोपं असतं.

टँकसमोर उभी राहिले. मासे भराभर श्वास घेत होते. दोघंतिघं दगडावर अंग घासत होते, म्हैस खांबाला घासते तसं. आणि एका कोपऱ्यात एक पिवळाधमक मासा होता. तो मी आणलेला नव्हता.

"हा कुठून आला?"

नितीन म्हणाला, "गिफ्ट आहे."

एका क्लिअरिंग एजंटने हॉटेलच्या वाढदिवसाला तो दिला होता. पाण्याच्या पिशवीत, वर रिबन बांधून. नितीनचं म्हणणं, पाहुण्याने सगळ्यांसमोर दिलेली भेट आत कुठे ठेवून देणार? त्याने कात्रीने पिशवी कापली, मासा टँकमध्ये सोडला, टाळ्या वाजल्या. फोटोही निघाले. मला कळवलं नाही, कारण मी काय म्हणणार हे त्याला पाठ होतं.

मी काय म्हणते ते तुम्हालाही सांगते. दुकानातून आलेला कुठलाही समुद्री मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडायचा नाही. आधी काही आठवडे वेगळ्या साध्या टँकमध्ये ठेवायचा. याला आम्ही क्वारंटाइन म्हणतो. मासा वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्या कल्ल्यांत काय दडलंय ते दिसत नाही. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. ओला हातसुद्धा एका टँकमधून दुसऱ्यात घालायचा नाही.

हा जो आजार होता त्याला साध्या भाषेत व्हाइट स्पॉट म्हणतात. ठिपका म्हणजे डाग नव्हे. माशाच्या कातडीत शिरलेला एक सूक्ष्म परजीवी असतो, तो खाऊन फुगला की ठिपका दिसतो. पोट भरलं की तो माशाला सोडून खाली पडतो. वाळूत किंवा दगडावर स्वतःभोवती कवच करून बसतो आणि आतल्या आत एकाचे शेकडो होतात. मग ती पिल्लं कवच फोडून पाण्यात निघतात आणि मासा शोधत फिरतात. मासा सापडला तर जगली, नाही तर थोड्या वेळात मेली.

यातली फसवणूक अशी की ठिपके मध्येच गायब होतात. मालक खूश होतो. दुकानदार म्हणतो, बघा, माझं औषध लागू पडलं. खरं तर सगळे खाली उतरून कवचात बसलेले असतात. पुढच्या खेपेला दसपट होऊन येतात.

"मग टाकीत औषध टाका ना," नितीन म्हणाला. "आठवड्यावर गटारी आलीय. माझा वर्षाचा सीझन आहे तो."

औषध आहे, पण ते तांब्याचं. ते कवचाच्या आत जात नाही, पाण्यात फिरणाऱ्या पिल्लांनाच मारतं. शिवाय टँकमधल्या कोळंब्या, गोगलगायी, शंखातले खेकडे हे सगळेही त्याने मरतात. आणि दगड ते शोषून घेतात. एकदा का त्या टँकमध्ये तांबं गेलं की पुन्हा भरवसा नाही. म्हणून रस्ता एकच. सगळे मासे बाहेर काढायचे, माझ्या गाळ्यातल्या हॉस्पिटल टँकमध्ये नेऊन तिथे औषध द्यायचं. आणि इथला टँक पाण्यासकट, दिव्यांसकट चालू ठेवायचा, पण माशांशिवाय. सहा-सात आठवडे. मासा नाही म्हणजे परजीवीला खायला नाही. उपाशी मरतो.

नितीनने मला दोनदा विचारलं की मी चेष्टा करतेय का. मच्छीच्या हॉटेलात, दारासमोर, मोकळी टाकी? गटारीच्या गर्दीत? लोक म्हणतील, याने शोपीससुद्धा तळून विकले. दोन-तीन आठवड्यांत होत नाही का? होत नाही म्हटल्यावर त्याने शेवटचं ठेवणीतलं काढलं.

"मॅडम, सरळ सांगतो. राजा गेला तर मला ही टाकीच नको. काढून टाकतो आणि तिथे टेबलं लावतो. नाही तरी जागा कमीच पडते."

हे तो मला सांगत होता, पण ऐकत होते धर्माबाबा. धर्माबाबा म्हणजे नितीनचे वडील. आयुष्य दर्यावर गेलेलं. गुडघे गेल्यावर होडी सुटली, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ टँकसमोर खुर्ची टाकून बसतात. राजा त्यांच्या हातून खातो. माझ्या हातून नाही, नितीनच्या तर नाहीच. टँक निघाला असता तर नितीनला टेबलं मिळाली असती. बाबांना भिंत मिळाली असती.

बाबा खुर्चीवरूनच बोलले. "पावसात आपन होरी काढतो का रं?"

"बाबा, ते वेगळं."

"काय येगलं? दर्या बंद असतो. मासली अंड्यावर असते, तिला इसावा देतो. गाव उपाशी मरतो का? नाय मरत. मंग ही टाकी का तुजी दर्याहून मोठी हाय? ऱ्हाऊ दे बंद."

मी लगेच ते वाक्य उचललं. म्हटलं, बाबा बरोबर बोलतायत, टाकीला पावसाळी बंदी समज. आणि गटारीनंतर श्रावणच आहे, तुझं गिऱ्हाईक तसंही अर्ध्यावर येतं. नितीन वडिलांशी वाद घालत नाही. निदान त्यांच्यासमोर तरी. तो तयार झाला.

मासे काढणं हे बोलायला सोपं आहे. आधी सगळे दगड तात्पुरते बाहेर काढले, कारण दगड असेपर्यंत मासा हाती लागत नाही. मग मी एका बाजूने, नितीन दुसऱ्या बाजूने. तो म्हणाला, आपण बाजूला व्हा मॅडम, हे आमच्या रक्तात आहे. त्याने बराच वेळ जाळी फिरवली. हॉटेलातले वेटर आणि दोन ट्रेलर ड्रायव्हर बघायला जमले. बाबांनी मागून शेरा मारला, "बापजाद्यांनी जाळ्यावर संसार केले, आन् याला चार फुटात मासा घावत नाय." शेवटी मी पाणी अर्धं उपसलं, तेव्हा एकेक हाती आला. राजाने नितीनच्या अंगठ्याला गालावरचा काटा मारला. एंजलला तिथे काटा असतो. त्याला तो माहीत नव्हता, आता आहे.

हॉस्पिटल टँक दिसायला भिकार असतो. वाळू नाही, दगड नाही, दिवा मंद. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे. पण प्रत्येक मासा नीट दिसतो आणि औषध मोजून देता येतं. तांब्याच्या औषधाचं असं आहे की कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. म्हणून ते हळूहळू चढवायचं आणि टेस्ट किटने रोज तपासायचं. अंदाजाने औषध घालणारे लोक मला पुष्कळ भेटतात. तेच लोक नंतर म्हणतात, समुद्री मासे टिकतच नाहीत.

गिफ्टचा पिवळा मासा पहिल्याच रात्री गेला. आणखी दोन पाठोपाठ गेले. ठिपके दिसायच्या आधी कल्ले खराब झालेले असतात, त्याला इलाज नसतो. बाकीचे सावरू लागले. राजाचे ठिपके कमी झाले, पण तो खाईना.

न खाणारा एंजल म्हणजे वाईट बातमी. मी सगळं करून पाहिलं. पॅकेटचं खाणं, कोळंबीचा चुरा, लसूण लावलेलं खाणं. तो पाइपच्या तुकड्यात तोंड खुपसून उभा. पोट आत जायला लागलं. शेवटी मी नितीनला फोन केला की बाबांना घेऊन ये.

बाबा आले, हातात डबा. सुवर्णाने, म्हणजे नितीनच्या बायकोने, पहाटे आणवलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, सोलून दिल्या होत्या. मी डबा घेतला आणि फ्रीझरमध्ये टाकला.

बाबा बघतच राहिले. "बरफात?"

"ताज्यातून नवीन रोग येऊ शकतो, बाबा. बर्फात राहिलं की धोका कमी होतो. काही दिवस ठेवू, मग देऊ."

"आमी बरफातला माल गिऱ्हाइकाला देत नाय. राजाला देनार?"

मच्छीच्या हॉटेलवाल्याला बर्फातला माल म्हणणं ही शिवी असते, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तुमचं गिऱ्हाईक शिजवलेलं खातं. राजा कच्चं खातो. बाबांनी यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, बरं, मग तुझ्याकडे आधीपासून बर्फात काय आहे? माझ्याकडे माझ्याच तिसऱ्या होत्या, आधीच्या आठवड्यातल्या. त्या वितळवून दिल्या. बाबांनी बाही वर केली. मी त्यांना हात साबणाने धुवून, खळखळून साबण घालवून, मगच पाण्यात घालायला लावलं. तेही त्यांना पटलं नाही, पण धुतले.

राजा पाइपमधून बाहेर आला. बोटांपाशी थांबला. एक तुकडा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला. बाबा म्हणाले, "शिला माल खाल्लान," आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जणू मीच त्याला बिघडवला. पण त्यानंतर ते एक दिवसाआड नितीनच्या गाडीतून करंजाड्याला यायला लागले. येताना हात धुवूनच यायचे आणि मला ते मुद्दाम सांगायचे.

तिकडे हॉटेलात गटारी पार पडली. नितीन प्रत्येक टेबलाला तेच तेच उत्तर देऊन कंटाळला. मोकळ्या टँकमध्ये लोकांना हळूहळू कोळंब्या आणि शंखातले खेकडे दिसायला लागले. आधीही होते, पण राजापुढे त्यांना कोण बघतो. दर आठवड्याला मी जाऊन पाणी तपासायची, काच पुसायची. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. माझ्या धंद्यात हे वाक्य म्हणायचं नसतं.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गेले. टँकच्या काचेवर हळदकुंकू होतं. वर झेंडूचा हार. झाकणावर सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ. आणि आत दोन चकचकीत निळे मासे फिरत होते.

मी बॅग खाली ठेवली. नितीन काउंटरमागे काहीतरी शोधायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

बाबा मात्र खुर्चीवर ताठ बसले होते. कालची टोपी अजून डोक्यावर. म्हणाले, "नारली पुनव जाली. दर्या खुलला. मंग टाकी पन खुलली."

यात चूक कुठे होती? पावसाळी बंदी नारळी पौर्णिमेला उठते. दर्याला नारळ द्यायचा, होड्या पाण्यात लोटायच्या. पिढ्यानपिढ्या हेच. मी स्वतः म्हटलं होतं, टाकीला पावसाळी बंदी समजा. बाबांनी समजली. सहा-सात आठवडे हा आकडा मी नितीनला दिला होता, बाबांना तो कुणी दिला नव्हता, आणि दिला असता तरी आकड्यापेक्षा पौर्णिमा मोठी. नितीनला वडिलांचा हात अडवणं जमलं नाही. त्यानेच पनवेलच्या दुकानातून ते दोन मासे आणून दिले होते.

सुवर्णा किचनमधून बाहेर आली. म्हणाली, "ताई, बाबा नारळ आत सोडणार होते. मी हाताला धरलं म्हणून झाकणावर राहिला."

मी तिचे आभार मानले. नारळ तोंडातोंडी भरलेल्या टँकमध्ये पडला असता तर पाणी सरळ खालच्या प्लगांवर आलं असतं. अडचण दोन माशांची होती. परजीवी उपाशी मरत आले होते आणि आम्ही त्यांना पान वाढलं. मी बाबांना इतकंच म्हटलं की अजून सगळे मेले नसतील तर या दोघांच्या अंगावर उठेल. बाबा म्हणाले, "नाय उठनार. नारल दिलाय."

मी मासे तेव्हा काढायला हवे होते असं तुम्ही म्हणाल. काढले नाहीत. एक तर ते आत गेल्याने बंदीची मोजणी तशीही पुन्हा पहिल्यापासून होणार होती. दुसरं, समोरच्या तिघांना माझं बोलणं नाही, टँकचं बोलणं ऐकायची गरज होती. डोळा ठेवा, ठिपका दिसला की त्याच मिनिटाला फोन करा, इतकं सांगून निघाले.

फोन आठवडाभरात आला. नितीनचा नाही, बाबांचा. मला त्यांनी आधी कधीच फोन केला नव्हता.

"उठलं," एवढंच म्हणाले.

मी गेले तेव्हा बाबा टँकच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. एका निळ्या माशाच्या शेपटीवर रव्याचे दाणे, दुसऱ्याच्या परावर दोन. नितीन तापला होता. म्हणाला, बास, आता टाकी काढायची. श्रावण निघून जाईल, गणपती येतील, विसर्जनानंतर लोक मच्छीवर तुटून पडतात, तेव्हाही मी मोकळी काच दाखवत बसू? टेबलांसाठी सुताराला बोलावतो.

बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "माजी चूक, टाकीची काय? सुतार आला तर आदी माजी खुर्ची उचलायला सांग."

नितीनने हातातला फोन खिशात ठेवला. मग बाबांनी मला विचारलं, "कवापर्यंत?"

या वेळी मी दर्याला मध्ये आणलं नाही. तो विषय किती धारदार असतो ते कळलं होतं. मनात आठवडे मोजले आणि त्यांना मोजता येईल असा दिवस सांगितला. "दसरा. दसऱ्याच्या आधी या पाण्यात एकही मासा नाही. गणपतीला नाही, गौरीला नाही, घट बसले तरी नाही. तुमच्या ओळखीचा कुठलाही सण आला तरी नाही."

"कोनी गिफ दिला तर?"

"तर माझ्याकडे करंजाड्याला."

"कस्टममध्ये," नितीन पुटपुटला. पोर्टाच्या गावात राहतो, त्यामुळे क्वारंटाइन त्याला बरोबर कळलं, फक्त उशिरा. माल उतरला म्हणजे सुटला असं नसतं.

निळ्या दोघांना मी घेऊन आले. एक वाचला. त्या दोघांनी जे काम केलं ते माझ्या तासाभराच्या लेक्चरने झालं नव्हतं. त्यानंतर टँकच्या झाकणाला नितीनने कुलूप लावलं आणि चावी सुवर्णाकडे दिली. घरातल्या दोन्ही पुरुषांवर विश्वास नसल्याचं तिने उघड सांगितलं आणि चावी मंगळसूत्रात अडकवली.

राजा माझ्याकडेच राहिला. तांब्याचं औषध संपलं, साध्या खाऱ्या पाण्यात आला, अंगावर पुन्हा चकाकी आली. भाव खायला लागला, म्हणजे बरा झाला. विसर्जनानंतरची गर्दी मोकळ्या टँकसमोर जेवून गेली. नितीनचा धंदा काही बुडाला नाही, लोक शेवटी सुरमईसाठीच येतात. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही.

दसऱ्याला राजाला आणि बाकीच्यांना घेऊन गेले. नवीन पाण्याची सवय व्हावी म्हणून बारीक नळीने थेंबथेंब पाणी बादलीत सोडत बसले. गिऱ्हाइकं ताटं सोडून उठून बघायला आली. सोडल्यावर राजाने एक पूर्ण चक्कर मारली, कोळंबीला दगडावरून हुसकावलं आणि खुर्चीच्या बाजूच्या काचेपाशी येऊन उभा राहिला. बाबा आधीच हात धुवून आले होते. खिशातून डबी काढली. माझ्याकडे बघून म्हणाले, बर्फातलं आहे.

दिवाळी झाली, थंडी आली, ठिपके आले नाहीत. नितीनने हॉटेलच्या मागच्या खोलीत छोटा क्वारंटाइन टँक लावून घेतला. तो क्लिअरिंग एजंट पुन्हा एक मासा घेऊन आला, तेव्हा नितीनने हसत पिशवी घेतली आणि सगळ्यांसमोर मागच्या खोलीत नेली. टाळ्या तरीही वाजल्या.

यंदाचा जून लागला तसा बाबांचा फोन आला. कधी बंद करायची, विचारत होते.

"काय बंद करायची?"

"टाकी. पाऊस सुरू जाला ना."

यंदा बंद करायची गरज नाही हे त्यांना समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली. मासे निरोगी आहेत, नवा मासा कस्टममधूनच येतो, मग बंदी कशाला. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते एकदा सुरू केलेली गोष्ट मोडू नये.

तेव्हा या धंद्यात येणाऱ्यांना माझा सल्ला आहे. मालकाला पटवायचं असेल तर त्याच्या घरातला दाखला जरूर द्या, त्यासारखं काही नाही. फक्त तो कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे त्याला आधी विचारून घ्या.